आमदाराची सावड

आमच्या दाजींना आमदार करायची अक्कल कुणाची, असं आज ला ब्यूत गावात विचारलंत तर एकही माणूस पुढे येणार नाही. पण मी त्या दिवशी तिथं होते. चर्चच्या अंगणात शेजारच्या तेओतीमनं दाजींना स्वतःच्या खांद्यावर उचलून घेतलं होतं आणि सगळे बाप्ये टोप्या उडवत होते. बायका तेवढ्या गप्प होत्या. कर्ता माणूस भर हिवाळ्यात राजधानीला जाऊन बसला की बैलांखालचं शेण कोण ओढणार, हे त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं.

दाजींचं नाव प्लासीद दुआरों. माझ्या थोरल्या बहिणीचा, ओसितचा नवरा. मी मॉदेस्त. माझं लग्न झालं नाही, म्हणून बहिणीच्या घरी राहायचं आणि दोन माणसांचं काम करायचं, असं ठरून गेलं होतं. कोणी ठरवलं ते मला विचारू नका.

गाव आमचं खारीवर जगतं. समुद्राला बांध घालून काढलेली ही गवताची जमीन. बांधात लाकडी उघाड्या बसवलेल्या असतात, त्या ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात आणि भरती आली की आपल्या आपण मिटतात. आमच्या फ्रेंच आजे-पणज्यांनी असेच बांध घातले होते. मग इंग्रजांनी त्यांना बंदुका रोखून गलबतांत कोंबलं, देशोधडीला लावलं आणि तयार खार आपल्या लोकांना वाटून टाकली. जे जिवंत परत आले त्यांनी या कोपऱ्यात पुन्हा मांडीभर चिखलात उभं राहून नवा बांध घातला. त्यातलाच एक माझ्या बाचा बाप.

बांध एकट्यानं राखता येत नाही. शिंग वाजलं की घरटी एक माणूस, एक फावडं. बांध कुणाच्या शेतासमोर फुटलाय हे विचारायचं नाही. आज तू माझ्याकडे आलास, उद्या मी तुझ्याकडे येईन, ही सावड. आणि सावड फेडायला बोलावल्यावर जो माणूस आधी काम कसलं ते विचारतो, त्याच्याकडे आमच्यात कोणी जेवत नाही. खारीचा कारभारही तसाच चालायचा. वसंतात सभा व्हायची, एका घराला एक मत. वीतभर जमीन असलेल्या विधवेलाही एक आणि मिस्टर पेललाही एकच.

हा पेल इंग्रज. टेकडीलगतची वरची, अर्ध्याहून जास्त खार त्यानं हळूहळू विकत घेतली होती. शेजारच्या मतदारसंघाचा तो जुना आमदार. बोलणं गोड, टोपी काढून बायकांनाही वाकून नमस्कार करायचा. आपलं एक मत आणि विधवा झेनोबीचं एक मत सारखंच, हे त्याला किती झोंबत होतं ते त्यानं कधी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

गावाला हवा होता पूल. नदी ओलांडून गिरणीला जायचं तर ओहोटी धरून चिखलातनं गाडी घालावी लागे आणि बैल पोटापर्यंत रुतत. पूल बांधायला सरकार हवं, आणि सरकारात आपला माणूस हवा. दाजी बांधावरचे मुकादम. बांधाला लावायची गवताच्या मुळांसकट चिखलाची ढेप कुठून कापायची, कशी रचायची, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे, आणि दिलेल्या शब्दाला पक्के. मग काय, त्यांनाच उभं केलं. त्या काळी मत तोंडानं, सगळ्यांदेखत सांगायचं असे. आमच्या गावातले झाडून सगळे बाप्ये "दुआरों" म्हणाले.

आभाळ शिशासारखं झालं होतं तेव्हा दाजी राजधानीला, हॅलिफॅक्सला गेले. बरोबर खारवलेल्या हेरिंग माशांचं पिंप आणि ताईनं विणलेले चार मोजे. इकडे आम्ही दोघी. पहाटे बैलांना चारा, मग विहिरीवरचा बर्फ फोडायचा, मग जंगलातनं ओंडके ओढून आणायचे. ताईच्या तळहाताला भेगा पडल्या, त्यात ती मेंढीची चरबी भरायची आणि पुन्हा कुऱ्हाड उचलायची. जेवायला कुट्टूच्या पिठाच्या घावनांवर काकवी. डुकराचं मांस होतं, पण ते दाजी आल्यावर कापायचं म्हणून ताईनं हात लावू दिला नाही. मला राग यायचा. तिकडे ते साहेबांच्या पंगतीत जेवत असतील आणि आपण इथं घावनं गिळतोय, असं मी म्हटलं तर ती आणखी एक घावन माझ्या ताटात टाकायची.

साहेबांच्या पंगतीत ते कसे जेवत होते ते नंतर कळलं. खाणावळीच्या बाईनं त्यांना स्वयंपाकघरात मोलकरणीशेजारी बसवलं होतं, माशाचा वास येतो म्हणून. सभेच्या दारावरच्या शिपायानं पहिल्या दिवशी त्यांच्या लाकडी जोड्यांकडे पाहून मागचं दार दाखवलं. सरपण टाकायला आलेला माणूस असेल असं त्याला वाटलं. दाजींनी वाद घातला नाही. ते मागच्या दारानं आत गेले आणि पुढे बरेच दिवस त्याच दारानं जात राहिले. शेवटी पेलच्या ते लक्षात आलं. त्यानं शिपायाला झापलं, दाजींना आपला एक जुना काळा कोट दिला आणि स्वतःच्या हातानं त्याची गुंडी लावून दिली. दाजी हे सांगत होते तेव्हाही त्यांच्या आवाजात उपकाराची जाणीव होती. मला तो कोट चुलीत घालावासा वाटला.

मार्चमध्ये बर्फानं खालच्या बांधाची समुद्राकडची बाजू ओरबाडून नेली. शिंग वाजलं. आमच्या घरचा माणूस नव्हता, म्हणून ताई फावडं घेऊन गेली. बांधावर बाई येत नाही. तेओतीम हसून म्हणाला, "वाट सोडा रे, आमदारीणबाई आल्या." सगळे हसले. ताईनं घागरा कमरेला खोचला आणि दिवसभर ढेपा वाहिल्या. संध्याकाळी तिचे पाय निळे पडले होते आणि मी ते पोटाशी धरून बसले होते. हसणाऱ्यांपैकी एकानंही तिला घरापर्यंत सोडलं नाही. ती डागडुजी तात्पुरती होती. खरं काम जूनच्या उधाणाआधी करायचं, असं ठरलं.

त्याच सुमाराला गाडीवान बातमी घेऊन आला. पूल मंजूर झाला. पेल आणि त्याचे सातआठ मित्र दाजींच्या बाजूनं उभे राहिले म्हणून झाला. त्या रात्री गावानं सफरचंदाची दारू प्यायली आणि माझा बा, बेनोनी, म्हातारा माणूस, टेबलावर चढून नाचला. दुसरी बातमी गाडीवानाला ठाऊक नव्हती. ती दाजी स्वतःच घेऊन आले.

एप्रिलच्या शेवटी ते आले. कोट अंगात होता आणि पाठीवरची शिवण काखेपर्यंत उसवलेली. ताईनं मांस शिजवलं. दाजींनी ताट पुढं ओढलं नाही.

"हा कोट कशानं फाटला?" ताईनं विचारलं.

"उभा राहिलो तेव्हा फाटला," दाजी म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, मान खाली घालून. पुलाचं झाल्यावर पेल त्यांना म्हणाला होता, दुआरों, आम्ही तुमचा एक दिवस भरला, आता आमचा एक दिवस येईल. दाजींना हे बोलणं फार आवडलं. इंग्रजालाही सावड कळते, असं वाटलं त्यांना. कसला दिवस, हे त्यांनी विचारलं नाही. विचारणार कसे? जन्मभर विचारलं नव्हतं. मग एक दिवस पेलनं त्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, आज. कायदा वाचायला सुरुवात झाली. खारजमिनींच्या कारभाराचा कायदा. यापुढे मत घराला नाही, एकराला. बांधाचं काम त्या मतांवर निवडलेल्या समितीच्या हुकमानंच व्हायचं. हुकमाशिवाय कोणी खारीतली ढेप कापली तर त्याला तुरुंग, आणि कापणारा कोण ते कळलं नाही तर कामावर सापडतील त्या सगळ्या घरांचा गवताचा वाटा जप्त. कायदा मान्य असेल त्यानं उभं राहायचं होतं.

"तुम्हाला ते समजलं?" ताईनं विचारलं.

"वाचत होते तेव्हाच समजलं."

"आणि तरी उभे राहिलात?"

"शब्द दिला होता, ओसित. कामावर आल्यावर फावडं टाकून कोणी जातं का?"

ताईनं मांसाचं भांडं उचललं, झाकण ठेवलं आणि कोठीत नेऊन ठेवलं. परत आली ती बोलायला लागली, आणि मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. हिवाळाभर विहिरीवरचा बर्फ कुणी फोडला इथपासून सुरुवात केली. तुमचा शब्द तुमच्या तोंडात होता, पण खार काय तुमच्या खिशात होती का, असं ती म्हणाली. दाजी कोटाची उसवलेली शिवण चाचपत राहिले. मला त्यांची दया आली नाही. आजही त्या दिवसापुरती येत नाही. ज्यानं मागच्या दारानं आत घेतल्याचं मुकाट सोसलं, त्याला ताठ मानेनं बसता आलं असतं असा एकच दिवस आला होता, आणि त्या दिवशी नेमका हा माणूस उभा राहिला.

मे महिन्यात नव्या कायद्याची पहिली सभा गिरणीच्या कोठारात भरली. बायका दाराबाहेर. पेल स्वतः आला होता, चकचकीत बूट घालून. त्यानं सगळ्यांची विचारपूस केली आणि मग ठराव मांडला. खालचा बांध जुना झाला आहे, त्यावर मेहनत वाया जाते, तर खारीच्या मधोमध नवा आडवा बांध घालावा आणि त्याच्या बाहेरचं समुद्राला सोडून द्यावं. बाहेरचं म्हणजे आमचं. गावातल्या बहुतेक घरांचं गवत त्या खालच्या पट्ट्यात होतं. आडव्या बांधाच्या आत राहणार होती ती पेलची जमीन, आणि तो बांध घालायला मात्र सगळ्यांनी फावडी घेऊन यायचं होतं.

नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं झालं. कोठारातले सगळे हात वर गेले. हो म्हणणाऱ्यांनी, असं म्हटल्यावर पेलनं एकट्यानं हात वर केला, तोही अर्धाच, कोपरातून. ठराव मंजूर.

मग कोणाला तरी आठवलं की हा कायदा झाला तेव्हा आपला माणूस तिथंच होता. सगळ्यांनी वळून दाजींकडे पाहिलं. पेल हसून म्हणाला की दुआरोंनी मोठ्या मनानं पाठिंबा दिला, त्यांच्यासारखे समंजस लोक तुमच्यात आहेत हे तुमचं भाग्य. त्यानं दाजींच्या पाठीवर थाप मारली. ताईनं शिवलेल्या शिवणीवरच.

दाजी उठले आणि त्यांनी लपवलं नाही. पुलाच्या बदल्यात दिवस दिला, असं सांगितलं.  माझा बा भिंतीला टेकून बसला होता. तो काठीवर जोर देऊन उठला.

"जावईबापू, सावड स्वतःच्या पाठीनं फेडतात," तो म्हणाला. "तुझा दिवस तू खुशाल दे. आमचे सगळ्यांचे दिवस कुणाला विचारून दिलेस?"

 त्या दिवसानंतर आमच्या दाराशी कोणी थांबेनासं झालं. चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही तिघंच. विधवा झेनोबी, जिला ताईनं हिवाळाभर दूध पाठवलं होतं, तिनं रिकामी चरवी कुंपणावर उलटी टांगून ठेवली आणि आत निघून गेली. दाजींनी केलं ते केलं, पण दूध कोणत्या कायद्यानं नासलं होतं?

जूनचं उधाण जवळ आलं. गवत घोट्यापर्यंत आलेलं, हिरवंगार, आणि त्याच्यापुढे मार्चमधली ती कच्ची डागडुजी. खारं पाणी एकदा आत शिरलं की तीन वर्षं तिथं धड काही उगवत नाही. तीन वर्षं गवत नाही म्हणजे जनावरं नाहीत, आणि जनावरं नाहीत म्हणजे गाव सोडून लाकूडतोडीला जायचं. हेच पेलला हवं होतं, म्हणजे उरलेली खार त्याला फुकटात मिळाली असती.

एका सकाळी शिंग वाजलं. बानंच वाजवलं. कायदा गेला खड्ड्यात, असं त्यानं शिंगातनंच सांगितलं म्हणा. बोलावणारा माणूस रिवाजाप्रमाणे घरोघर दारावर काठी आपटत निघाला. झेनोबीच्या दारावर आपटली. पलीकडच्या दारावर आपटली. आमचं दार त्यानं सोडलं.

दाजी उंबऱ्यात उभे होते. त्यांनी ते पाहिलं. मग फावडं घेतलं आणि निघाले. ताई त्यांच्या मागून, आणि ताईच्या मागून मी. या खेपेला आम्हा दोघींना पाहून कोणी हसलं नाही.

बांधावर रांग लागली होती. एकानं ढेप कापायची, हातोहात पुढे द्यायची आणि टोकाला बानं ती रचायची. मुकादमाची जागा दाजींना मिळणार नव्हतीच. ते मुकाट्यानं रांगेत घुसले. त्यांच्या पुढे तेओतीम. दाजींनी पहिली ढेप पुढे केली. तेओतीमनं हात पुढे केले नाहीत. दाजींनी ती चिखलात ठेवली, मग तेओतीमनं वाकून ती उचलली आणि पुढे दिली. दुसरी तशीच. तिसरीही. ओल्या ढेपेचं वजन लहान वासराएवढं. दर खेपेला दाजींनी वाकून ठेवायची आणि तेओतीमनं वाकून उचलायची, दोघांच्याही कमरा मोडत होत्या, पण हाताला हात लागू द्यायचा नाही. दुपार होईपर्यंत हे चाललं. शहाणीसुरती माणसं, बायकापोरांचे बाप. भरती चढत होती आणि यांचे मानापमान चालले होते. शेवटी ताईच दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तिनं दाजींच्या हातातली ढेप घेतली आणि तेओतीमच्या छातीवर आदळली.

"धर," ती म्हणाली. "गवत माझंही आहे."

त्यानं धरली.

काम उरकत आलं होतं तेव्हा पेल आला. बरोबर दोन शिपाई. घोड्यावरून न उतरता त्यानं विचारलं की हे काम कुणाच्या हुकमानं चाललंय. कोणी बोलेना. मी कायदा दाजींच्या तोंडून ऐकला होता, म्हणून मला धडकी भरली. नाव निघालं नाही तर सगळ्या घरांचा वाटा जाणार होता, आणि पेल त्याचीच वाट पाहत होता. बा पुढे व्हायला लागला. त्याच्या वयाला तुरुंगातला एक हिवाळासुद्धा जड होता.

दाजींनी त्याला हातानं मागे सारलं.

"काम माझं," ते म्हणाले. "शिंग मी वाजवलं. ढेपा मी कापल्या. ही माणसं सावडीला आलीत, त्यांना काही विचारायची पद्धत नाही आमच्यात."

दाजींना शिंग वाजवता येत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पेललाही बहुतेक कळलं असावं. त्याचा गोडवा त्या दिवशी पहिल्यांदा उतरला. तो म्हणाला, "दुआरों, विचार करा. कायद्याच्या बाजूनं तुम्हीच उभे राहिला होतात. आमदारकी जाईल."

"न्या ती," दाजी म्हणाले, आणि हातावरचा चिखल विजारीला पुसून शिपायांकडे चालू लागले.

त्यांना नेलं. रांगेत त्यांची जागा ताईनं घेतली, तिची मी. उधाण आलं, बांधाच्या ओठापर्यंत चढलं, तिथंच घुटमळलं आणि परत गेलं. आत एक थेंब आला नाही. लोक नाचले. मी नाचले नाही, कारण ज्याच्या नावावर हे सगळं वाचलं तो तुरुंगाच्या ओल्या कोठडीत खोकत होता, आणि त्याच्यासाठी पाव घेऊन जायला पहिल्या आठवड्यात माझ्याशिवाय कोणी निघालं नाही.

दाजी सुटून आले तेव्हा गवत कापून गंज्या लागल्या होत्या. अंगानं निम्मे झाले होते. आमदारकी गेलीच होती, सभेनं जागा रिकामी ठरवली आणि पेलचा मेव्हणा उभा राहणार असं ऐकू आलं. कायदा होता तसाच होता. पुढच्या वसंतात पेल पुन्हा अर्धा हात वर करणार होता.

मग एका रविवारी चर्च सुटल्यावर सगळा गाव आमच्या अंगणात आला. टोप्या हातात. पुढे तेओतीम. पुन्हा उभं राहा, असं म्हणायला आले होते. आपल्यातलाच माणूस आत हवा, कायदा मोडून काढायला हवा, तुझ्याइतका सच्चा कोण आहे. आता सगळ्यांना दाजी सच्चे दिसू लागले होते. दाजी बाकड्यावर बसून खोकत होते. ते हो म्हणणार हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. बोलावलं की जायचं, एवढंच त्यांना येत होतं.

ताई गंजीवरनं खाली उतरली. हातात गवत उचलायचा काटा होता, तो तिनं जमिनीत रोवला.

"थांबा," ती म्हणाली. "हे गेले तेव्हा काय आणायचं ते तुम्ही सांगितलंत. काय द्यायचं नाही ते कुणी सांगितलं नाही. आधी मला एवढं सांगा. पूल कुणाकुणाला हवा होता? हात वर करा."

 तेओतीम टोपीची कड मुरगाळत राहिला. झेनोबी कुंपणापलीकडे उभी होती, तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ताई काट्यावर हात ठेवून उभीच. तिला जन्मात कधी मत मिळालं नव्हतं आणि मिळणारही नव्हतं, पण उत्तर घेतल्याशिवाय ती कुणाला अंगणाबाहेर जाऊ देणार नव्हती.

सगळ्यात आधी माझ्या बानं हात वर केला. मग तेओतीमनं. मग एकेक करून सगळ्यांनी. मी आजूबाजूला पाहिलं आणि माझाही वर केला, कारण चिखलात रुतलेले बैल मीही ओढले होते.

"आता बसा," ताई म्हणाली, "आणि बोला."